गावात नवी कीड आली, तर सरकारी पैसा कुठून आणि कसा मागायचा

२०१९ च्या जुलैतली गोष्ट. माझा चुलतभाऊ मक्याच्या वावरात उभा राहून एकेक पोंगा, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांची गुंडाळी, उकलत होता. आत लाकडाच्या भुशासारखा ओला चोथा आणि त्यात एक तपकिरी अळी. "खोडकिडा असेल," मी म्हणालो. संध्याकाळी कृषी सेवा केंद्रात गेलो, दुकानदाराने दोन बाटल्या काढून दिल्या, आम्ही फवारलं. दहा दिवसांनी निम्म्या शिवारातल्या पोंग्यांत तोच भुसा. काहींनी तर मक्यात जनावरं सोडली.

पुढे कळलं की शेजारच्या गावाला त्याच आठवड्यात कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) आणि निम्म्या किमतीत औषध मिळालं होतं. त्यांनी अर्ज दिला होता, आम्ही बाटल्या आणल्या होत्या. तेव्हापासून आमच्या शेतकरी गटाची कागदपत्रं मी सांभाळतो. शेतीत किंवा गटाच्या कामात नव्याने आलेल्यांना हे सगळं एका जागी मिळावं म्हणून लिहितोय.

आधी एक गैरसमज काढून टाका

"नव्या किडीसाठी सरकारचा फंड असतो, तो मागायचा" असं अनेकांना वाटतं. अमेरिकेत खरंच तसं आहे. तिथल्या वनस्पती संरक्षण कायद्याच्या कलम ७७२१ खाली २०१८ पासून दरवर्षी किमान साडेसात कोटी डॉलर बाहेरून येणाऱ्या किडी-रोगांसाठी बाजूला निघतात. राज्यं आणि विद्यापीठं त्यातून सर्वेक्षणाचे, नियंत्रणाचे प्रकल्प घेतात आणि काही रक्कम ऐन वेळच्या संकटासाठी राखून ठेवली जाते.

आपल्याकडे असं एकच गाठोडं नाही. अपवाद टोळांचा. त्यांच्यासाठी जोधपूरला केंद्राची वेगळी यंत्रणा आहे. २०२० च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूरकडे टोळधाड आली तेव्हा रात्रीतून अग्निशमनाचे बंब फवारणीला लागले. बाकी किडींचा पैसा तीन वेगवेगळ्या खिशांत असतो:

१. कृषी विभाग आणि जिल्हा परिषदेचा खिसा. यातून वस्तू मिळतात: सापळे, मित्रकीटक (किडीला मारणारे कीटक), अनुदानावर औषध, शेतीशाळा (शेतातच भरणारे प्रशिक्षण वर्ग). लवकर हलणारा हा एवढाच.
२. आपत्ती मदतीचा खिसा, महसूल विभागाकडचा. नुकसान झाल्यावर, पंचनाम्यानंतर, खात्यात रक्कम.
३. पीक विमा. सगळ्यात उशिरा, आणि तोही महसूल मंडळाच्या, म्हणजे अनेक गावांच्या मिळून, हिशेबाने.

नवखा माणूस थेट दुसऱ्या खिशाकडे धावतो. "पंचनामा करा" ही मागणी पहिल्या दिवशी करण्यात अर्थ नसतो, कारण त्या दिवशी नुकसान पाच टक्केही नसतं. पहिल्या दिवशी पहिला खिसा उघडायचा.

पहिली पायरी: किडीचं नाव पक्कं करा

नाव चुकलं की पुढचं सगळं चुकतं. औषध चुकतं, अर्ज चुकतो, आणि तुमची नोंद जुन्या ओळखीच्या किडीखाली जाऊन पडते.

आमची अळी खोडकिडा नव्हती, ती अमेरिकन लष्करी अळी होती. भारतात ती पहिल्यांदा मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याला सापडली आणि त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत सोलापूर जिल्ह्यात पोहोचली. पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर उडू शकतो, त्यामुळे यात नवल काही नाही. ओळख सोपी आहे, फक्त अळी तळहातावर घेऊन नीट बघायला हवी: डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, आणि शेपटीच्या थोडं अलीकडे चार काळे ठिपके, बरोबर चौकोनात. ठिपके दिसले की शंका नको.

प्रत्येक किडीची अशी एखादी खूण असते. पपईवरचा पिठ्या ढेकूण, २०१४ साली पुणे भागात टोमॅटोवर आलेली टुटा नागअळी, नारळाच्या पानाखाली गोल गोल पांढरी नक्षी काढणारी चक्राकार पांढरी माशी: या सगळ्या परदेशातून आलेल्या.

करायचं एवढंच. मोबाइलवर चार फोटो घ्या: पूर्ण झाड, नुकसान झालेला भाग, किडीचा जवळून एक, आणि शेताचा एक असा की आजूबाजूची खूण दिसेल. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२४ ला राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीचं ॲप आणलं, त्यात फोटो टाकला की कीड ओळखून सल्ला मिळतो. त्याचं उत्तर अंतिम समजू नका, पण तुमची नोंद तारखेसह होते, हे महत्त्वाचं.

मग चार-पाच अळ्या औषध दुकानातल्या स्पिरिटमध्ये, छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत टाका आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. जिवंत किडे पिशवीत भरून एसटीने नेऊ नका. एका काकांनी पिठ्या ढेकणाची अख्खी फांदी तालुक्याला नेली होती. दाखवायला म्हणून निघाले आणि वाटेतल्या चार गावांना प्रसाद वाटत गेले.

दुसरी पायरी: मोजा

"लई अळी पडली" हे वाक्य कुठल्याही रकान्यात बसत नाही. टक्केवारी बसते.

मक्यात असं मोजतात: बांधाच्या चार ओळी सोडून आत शिरा, इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात चालत पाच ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी दहा झाडं बघा. पन्नासांपैकी सहा पोंग्यांत ताजा भुसा असेल तर प्रादुर्भाव १२ टक्के. रोपं लहान असताना साधारण ५ टक्के, पोंगा भरल्यावर १० आणि पुढे २० टक्के, ही लष्करी अळीसाठीची आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिच्यावर गेलं की उपायाचा खर्च परवडतो. तुमचा आकडा त्या पातळीच्या वर गेला, की सरकारी भाषेत तुमचं शेत 'हॉटस्पॉट'च्या, म्हणजे कीड जास्त पडलेल्या जागेच्या, जवळ जातं.

हा शब्द महत्त्वाचा का, ते सांगतो. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्या तुटून पडल्या, त्यानंतर राज्याने २००९-१० पासून क्रॉपसॅप सुरू केला. पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प हे त्याचं पूर्ण नाव. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून त्याला पैसा आला. ठरलेल्या शेतांत ठरलेल्या दिवशी निरीक्षणं घेतली जातात, ती ऑनलाइन भरली जातात, विद्यापीठ सल्ला देतं. लष्करी अळीनंतर मका, ज्वारी, ऊसही त्यात आले. फळपिकांसाठी हॉर्टसॅप आहे. पातळी ओलांडलेल्या गावांना निम्म्या किमतीत पीक संरक्षण औषध देण्याची तरतूद याच प्रकल्पात असते. पण ठरलेली शेतं मोजकी असतात. नवी कीड तुमच्या वावरात आली आणि ठरलेलं शेत तीन गावं पलीकडे असलं, तर संगणकात तुमचं गाव हिरवंच दिसतं. ते लाल व्हायला हवं असेल तर तुमचा आकडा त्या यंत्रणेत जायला हवा.

तिसरी पायरी: लेखी कळवा, पोच घ्या

फोन करा, पण फोनवर थांबू नका. आम्ही एका वर्षी तोंडी सांगून आलो. "हो हो, येतो पाहायला," झालं. महिनाभराने त्याच टेबलवर उत्तर मिळालं की तुमच्या गावाची तक्रारच नाही. अधिकारी तोवर बदलले होते. चूक त्यांची किती, आमची किती, यावर गटात अजून वाद होतो.

अर्ज एका पानाचाच हवा:

"प्रति, मा. तालुका कृषी अधिकारी. विषय: मका पिकावर अमेरिकन लष्करी अळीचा प्रादुर्भाव, तातडीने पाहणी होऊन पीक संरक्षण साहित्य मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आमच्या गावात दि. ... रोजी गट नं. ... मध्ये ५० पैकी ... झाडांवर प्रादुर्भाव आढळला..."

खाली शेतकऱ्यांची यादी: नाव, गट नंबर, क्षेत्र, पेरणीची तारीख, प्रादुर्भावाचा टक्का, सही. फोटो जोडा. दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का देणारा माणूस जेवायला गेला असेल तर तो येईपर्यंत बसा. डबा घेऊन जा.

एक गोष्ट नव्या लोकांना हमखास माहीत नसते: तालुक्याला शेतीची कचेरी एक नसते, दोन असतात. एक राज्य कृषी विभागाची, तालुका कृषी अधिकाऱ्याची. गावात येणारे कृषी सहाय्यक तिथले. २०२५ पासून त्यांचं पदनाम सहायक कृषी अधिकारी झालंय, गावात मात्र अजून 'सहाय्यक साहेब' किंवा 'सहाय्यक ताई'च म्हणतात. दुसरी पंचायत समितीत, जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाची. जिल्हा परिषदेकडे स्वतःचा सेस (उपकर) फंड असतो आणि त्यातून पीक संरक्षण औषधं, फवारणी पंप अनुदानावर देण्याच्या योजना अनेक जिल्ह्यांत चालतात. त्यामुळे तोच अर्ज दोन्हीकडे द्यायचा. तिसरी प्रत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना.

चौथी पायरी: गाव म्हणून मागा

एकट्या दोन एकरवाल्याला सापळे देऊन उपयोग नसतो, कारण पतंग बांध बघून उडत नाही. हे अधिकाऱ्यालाही माहीत असतं. चाळीस सह्यांचा अर्ज आणि सोबत ग्रामसभेचा ठराव असेल तर तालुक्याला वरच्या कचेरीकडे मागणी पाठवायला आधार मिळतो. शेतकरी गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी नोंदलेली असेल तर साहित्य तिच्या नावाने उचलता येतं, वाटपाची यादी तिनेच ठेवायची.

काय मागायचं हेही ठरवून जा. "औषध द्या" एवढ्यावर थांबू नका. मक्यासाठी आम्ही कामगंध सापळे, निंबोळी अर्क, पुढच्या पेरणीसाठी बीजप्रक्रियेचं औषध आणि दोन शेतीशाळा मागितल्या. सापळे घेताना ल्यूर, म्हणजे आतली वासाची गोळी, कोणत्या किडीचं आहे ते पाकिटावर वाचा. आम्हाला एकदा बोंडअळीचे ल्यूर आले होते. मक्यात ते टांगून आठ दिवस आम्ही "पतंग एकही नाही, अळी गेली" म्हणून खूश होतो.

कधी कधी योग्य मागणी औषधाची नसतेच. पपईचा पिठ्या ढेकूण आला तेव्हा लोकांनी फवारून फवारून बागा काढून टाकल्या. उपाय निघाला तो एका परोपजीवी कीटकाचा. २०१० मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने तो प्युर्टो रिकोहून आणून वाढवला आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांत सोडला. डोळ्याला जेमतेम दिसेल एवढा जीव, पण ढेकणाच्या अंगात अंडी घालून त्याने काही महिन्यांत कीड आटोक्यात आणली. नारळावरच्या चक्राकार पांढऱ्या माशीसाठीही तज्ज्ञ रासायनिक फवारणी टाळायलाच सांगतात, कारण तिचा नैसर्गिक शत्रू आपोआप वाढतो आणि औषधाने आधी तोच मरतो. अशा वेळी अर्जात "परोपजीवी कीटक उपलब्ध करून द्यावेत" असं लिहा.

औषधच हवं असेल, तर एक कायद्याची अडचण लक्षात ठेवा. प्रत्येक कीटकनाशक ठराविक पीक आणि ठराविक किडीसाठीच मंजूर असतं. कीड देशात नवी असेल तर तिच्यासाठी कशाचंच लेबल नसतं, आणि लेबल नसलेल्या औषधावर सरकार अनुदान देऊ शकत नाही. लष्करी अळीच्या वेळी केंद्रीय नोंदणी समितीला तात्पुरती मंजुरी द्यावी लागली, तेव्हा कुठे इमामेक्टिन बेंझोएट, स्पिनेटोरम, क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल ही नावं सल्ल्यात आली. तोवर दुकानदार जे देईल ते तुमच्या खर्चाने आणि तुमच्या जबाबदारीवर. तरी पक्कं बिल घ्या, बॅच नंबरसकट.

पाचवी पायरी: सात-बारावर पीक चढलंय ना, बघा

ही पायरी खरं तर पेरणीनंतर लगेचची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आहे. स्वतःच्या मोबाइलवरून पिकाचा फोटो टाकून नोंद करायची. शेतात मका उभा आणि सात-बाऱ्यावर 'पड' असेल तर आपत्ती मदत आणि विमा, दोन्हीकडे तुम्ही रिकामे. मुदत संपत आली की सर्व्हर रडतो, म्हणून पहिल्या आठवड्यातच उरका. शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, नसेल तर तोही काढून घ्या.

सहावी पायरी: पंचनामा

आता दुसरा खिसा. केंद्राच्या आपत्ती यादीत दुष्काळ, पूर, गारपीट यांच्यासोबत कीड हल्लाही आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५. २०२२ ते २०२६ या काळाच्या केंद्रीय निकषानुसार कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. राज्य कधी कधी यात स्वतःची भर घालतं, कधी काढून घेतं, म्हणून त्या हंगामाचा जीआर (शासन निर्णय) वाचल्याशिवाय आकडा तोंडातून काढू नका.

अट एकच, पण मोठी: नुकसान ३३ टक्के किंवा जास्त. पंचनाम्यात ३० लिहिलं गेलं की शून्य रुपये.

पंचनामा आपोआप होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश निघावे लागतात, आणि ते निघायला तालुक्यातून प्रादुर्भावाचे अहवाल वर गेलेले असावे लागतात. तिसऱ्या पायरीचा शिक्का इथे कामी येतो. तहसीलदारांना अर्ज देताना आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक संदर्भात टाका. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक मिळून पाहणी करतात. त्या दिवशी वावरात हजर राहा. बांधावरून टक्का लिहू देऊ नका, आत न्या, पन्नास झाडं त्यांच्यासमोर मोजा. भांडून काही होत नाही. मोजलेला आकडा समोर असला की बहुतेक वेळा तोच लिहिला जातो. कागदावर सही करण्याआधी गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र आणि टक्का स्वतः वाचा.

घोषणा आणि खात्यातला जमा आकडा यात किती अंतर असतं, हे २०१७ च्या गुलाबी बोंडअळीने दाखवलं. त्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपयांची मदत जाहीर झाली. ही रक्कम तीन तुकड्यांची होती: कोरडवाहूत आपत्ती निकषाचे ६,८००, विम्याचे ८,००० आणि बियाणे कंपन्यांकडून १६,०००. कंपन्यांचा तुकडा वादात अडकला आणि विम्याचा तुकडा फक्त विमा काढलेल्यांचा. म्हणून जाहीर झालेली रक्कम कोणकोणत्या खिशांतून येणार आहे, हा पहिला प्रश्न विचारायचा.

सातवी पायरी: विमा, आणि त्याची मर्यादा

खरीप २०२५ पासून एक रुपयातला विमा बंद झाला. अन्नधान्य आणि गळीत पिकांना खरिपात विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीत १.५ टक्के, नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आहे. भरपाई आता पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडलेल्या शेतांत पीक कापून-मोजून, निघालेल्या उत्पादनावर ठरते. कीड त्यात धरली जाते, पण तुमच्या एकट्याच्या शेतातली नाही.

हिशेब असा: समजा तुमच्या महसूल मंडळाचं मक्याचं उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई) हेक्टरी २० क्विंटल आहे आणि प्रयोगात सरासरी १४ आली, तर तूट ३० टक्के, म्हणजे विमा रकमेच्या ३० टक्के मिळणार. पण कीड तुमच्याच गावात पडली आणि मंडळातल्या बाकी गावांनी सरासरी २१ वर नेली, तर तुमचं वावर साफ झालं तरी काही नाही. कापणी प्रयोग कोणत्या गटात आहेत हे कृषी सहाय्यकांना विचारून त्या दिवशी तिथे हजर राहता येतं. बघायला कोणी अडवत नाही.

माझं मत विचाराल तर नव्या किडीसाठी विमा ही शेवटची आशा आहे. हप्ता भरा, पण त्यावर बेत आखू नका.

पैसे येईनात तेव्हा

मदतीचा जीआर निघाला की गावाची यादी ऑनलाइन चढते आणि प्रत्येक नावासमोर एक विशिष्ट क्रमांक पडतो. यादी ग्रामपंचायतीत किंवा तलाठ्याकडे बघायला मिळते. तो क्रमांक, आधार कार्ड आणि मोबाइल घेऊन सेवा केंद्रात जाऊन बऱ्याचदा ई-केवायसी करावी लागते. लागणार असून ती झाली नाही तर पैसे अडकून पडतात. आमच्या गटात एका वर्षी अकरा जण असे राहिले. त्यातले सात जण म्हणे यादीच बघायला गेले नव्हते.

यादीत नाव नसेल तर तहसीलला लेखी हरकत, सोबत पंचनाम्याची प्रत. प्रत मिळत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सामाईक गट असेल तर एकाच्या खात्यावर रक्कम घेण्यासाठी बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं, ते भाऊबंद बोलत असतानाच करून ठेवा.

आणि बँकेत जाऊन एकदा विचारा की आधार नेमकं कोणत्या खात्याला जोडलेलं आहे. चुलतभावाचे ८,५०० रुपये चार महिने सापडत नव्हते. शेवटी ते त्याने कॉलेजात असताना शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या, पासबुक हरवलेल्या खात्यात निघाले.